वरून भुरभुरलेलं

८ जानेवारी
ह्यांचं रक्त पुन्हा घट्ट. आय.एन.आर., म्हणजे रक्त किती पातळ त्याचा आकडा, १.७. अडीचच्या वर हवा. हृदयातली झडप धातूची, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज. तरी आकडा खालीच. गुठळी झाली तर थेट मेंदूत. डॉ. बाईंनी विचारलं, पालेभाजी देता का? तिने गोळीचा असर मरतो. अहो, दिवाळीपासून घरात पालक नाही, मेथी नाही, कोबीसुद्धा नाही! "मग रोज काय जेवतात ते लिहून आणा." त्यांच्यासाठी वेगळी वही केली. ही आपली माझी.

११ जानेवारी
बाईंच्या वहीत: भात, मुगाचं वरण, दुधी, दोन पोळ्या. मीठ नावाला. मालवणी माणसाला ही शिक्षाच. ऑपरेशननंतर ताट सरकवून द्यायचे. फिलोने पार्सलीचा खोका दिला म्हणून निभावलं. फिलो खोताच्या वाडीतली, आम्ही दोघींनी एका शाळेत वीस वर्षं शिकवलं. मासेवालीचा थर्माकोलचा खोका, गॅलरीत कठड्याशी ठेवलाय. चपटी पानं, दिसायला कोथिंबीरच, चव जरा उग्र. पहिल्या दिवशी हे म्हणाले, "ह्या काय गो, गवत?" आता तिच्याशिवाय घास उतरत नाही. वरणावर मूठभर, दुधीवर मूठभर. बाहेरच्या काड्या बुडाशी कापायच्या, मधला कोंब राखायचा. मेली कापावी तितकी फुटते.

१९ जाने.
१.५. गोळी वाढवली. बाईंनी वही दोनदा वाचली. "ह्यात तर काहीच नाही. गोळी चुकवतात का?" घरी येऊन मी ह्यांच्यावर तुटून पडले. "मी काय ल्हान झील आसंय, गोळी चुकवूक?" पाकिटं मोजली. एकही चुकलेली नाही. माफी मागायची राहिली.

२६ जाने.
भीती वाटते. जेवताना तोंड वाकडं होतंय का बघत बसते. "माका काय बघतंस? ताटात बघ." दुसरं काही हातात नाही, म्हणून पार्सली वाढवली. फिलो म्हणते अंगी लागते. आज दही घालून वाटीभर चटणी केली. बोटांनी पुसून खाल्ली. किती दिवसांनी बरं वाटलं.

२ फेब्रुवारी
सकाळी चहाचा कप हातातून सुटला. उजवा हात लुळा. "बोला, काहीतरी बोला हो." शब्द नाही. टॅक्सीत पूर्ण वेळ हात धरून. हॉस्पिटलच्या दारात बोटं हलली. देवा, आणखी काही मागत नाही, फक्त

३ फेब्रु.
बोलतायत. पोटात इंजेक्शनं चालू. तिथलं जेवण खाईनात म्हणून डबा नेला. उघडला आणि बाई आल्या.
"हे हिरवं काय?"
"कोथिंबिरीसारखं असतं. पार्सली."
"किती घालता?"
मूठ दाखवली. म्हटलं, दोन वेळा. कधी चटणी.
बाईंनी डब्याचं झाकण लावलं. मग हळूच, "ही पालेभाजीच ना, काकू. वहीत कुठेच नाही."
"वरून टाकलेलं कोण लिहितं?"
आईने शिकवलेलं. कोथिंबीर काय भाजी आहे? भाजीबरोबर फुकट येते ती.

४ फेब्रु.
मी. माझ्या हाताने. रोज, चिरून, बारीक.

११ फेब्रु.
ह्यांना घरी आणलं. पार्सलीला कीड लागली, टाकली, असं सांगितलं. खोका गच्चीवर नेऊन ठेवलाय. उपटायला गेले होते, उपटवेना. पाणी घालून आले. हिच्यामुळेच तर जेवत होते. ताट परत सरकवलेलं. "कायच लागणा नाय गो जिभेक." मी ओरडले, जेवा नाहीतर मरा. असं बोलले मी.

१६ फेब्रु.
आय.एन.आर. २.६. पण वजन तीन किलो कमी. बाई म्हणाल्या, "पूर्ण बंद करू नका. रोज दोन काड्या, दुपारी. त्यावर मी गोळी बसवते. कमी नाही, जास्त नाही. वहीत असेल तेवढंच मला सांभाळता येईल." मान डोलावली. नाही दिली. हातच जाईना.

२० फेब्रु.
ह्यांनी माझा हात धरून नाकाशी नेला. "बोटांका वास येता तुझ्या. खय लपवलंस?" मी रडले. सगळं सांगितलं, मुठींसकट. गोळ्यांवरून बोलले त्याचीही माफी मागितली. हे म्हणाले, "खोको हाड खाली."

२१ फेब्रु.
खोका गॅलरीत. दुपारी दोन काड्या, मोजून, दोघांच्या समोर. ताट चाटूनपुसून. वहीत लिहिलं: पार्सली, दोन काड्या.

२४ फेब्रु.
संध्याकाळी पाणी घालताना बुडाशी नुकते तुटलेले देठ तीन. दुपारी मी दोनच कापल्या होत्या. कबुतर खाईल तर कुरतडेल, तिसरा नखाने सरळ खुडलेला. ह्यांना विचारलं नाही. एकदा चोर ठरवलंय, ते खोटं निघालं. वही काढून 'तीन' लिहिलं. हे मागे उभे होते, वाचलं.
"दोनच लिव गो. नायतर बाई एकावर आणतली."
पेन हातातच आहे. हे खुर्चीत बसलेत, माझ्याकडे बघत नाहीत. झडपेची टिकटिक इथवर ऐकू येते. सोमवारी रक्त तपासायला द्यायचंय.