ताप नाही

२ डिसेंबर, देवास

धारहून धाकट्या भावाचा, भगवंतचा फोन. जरा खोकला काय झाला, स्वारी इस्पितळात जाऊन पडली! ताप आहे का, विचारलं. नाही. मग गेलास कशाला? म्हणे, "दादा, डॉक्टर बोलला, शुगरवाल्या म्हाताऱ्यांना निमोनियात ताप येईलच असं नाही." शुगर मलाही आहे. मी पडलो का? लहानपणापासून भित्रा.

आजपासून खंडोबाचं नवरात्र. यंदा पाळी त्याची होती. आता माझा मुलगा मनन जाऊन देव इकडे घेऊन आला. म्हणजे पुन्हा मीच.

३ डिसेंबर

गार पाण्याची अंघोळ, ओल्या पंच्यानेच पूजा. वडिलांची रीत. सूनबाई शिखा दारातून म्हणते, "बाबूजी, रेशमी पहन लो ना, ठंड बैठ जाएगी." भगवंत रेशमीच नेसतो. काय उपयोग झाला?

थोडा खोकला आला. धुपामुळे.

४ डिसेंबर

थर्मामीटर लावला. ताप नाही.

५ डिसेंबर

शिखाने बोटाला सुई टोचली. शुगर चारशेवर. दोन दिवस अन्नावर वासना नाही, मग चढली कशाने? मशीन भिकार आहे. "अंदर कुछ गड़बड़ है, बाबूजी, चलो दिखा आते हैं." झाली डॉक्टरीण! म्हटलं, आधी थर्मामीटर बघ.

श्वास घेताना बरगडीत चमक येते — गंध उगाळताना वाकलो होतो. ताप नाही. पुन्हा पाहिलं. नाहीच.

६ डिसेंबर

आरतीत धाप लागली. उरलेली मननने म्हटली. पोराचं मराठी ऐकून देवालाही कीव आली असेल.

संध्याकाळी भगवंत फोनवर, "दादा, तुझा आवाज बरा नाही. आजच दाखव. माझी शपथ." घाबरटाला सगळं जग आजारी दिसतं. उद्या चंपाषष्ठी. भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही. सांगून ठेवलंय सगळ्यांना.

११ डिसेंबर

नैवेद्य भगवंतने दाखवला. धारच्या इस्पितळातून सुटला तो थेट आमच्या घरीच आला. मला तेव्हा शुद्ध नव्हती, शिखा सांगते. देवघरातच कोसळलो म्हणे. दोन्ही फुप्फुसं धरली आहेत, नाकाला नळी आहे.

नर्सने आत्ता थर्मामीटर पाहिला. ताप नाही.

भगवंतला म्हटलं, आज धारला जाऊ नकोस.