चादरीखालचा हात

बाबा, तुम्ही गेल्यानंतरही आपल्या घरात रोज संध्याकाळी रोझरीची प्रार्थना होते, पण मी तिला बसत नव्हते. हॉस्पिटलात मुद्दाम संध्याकाळची ड्युटी मागून घ्यायचे. वहिनीला वाटायचं, नणंद कामाची मोठी. कामाची कसली! रोझरी संपली की लहानांनी हात जोडून मोठ्यांपुढे जायचं आणि मोठ्यांनी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचा, ते मला बघवत नव्हतं, इतकंच.

तुम्ही मला देवाला दिलंत तो दिवस आठवतो. अंगणात केळ्यांची सुकेळी वाळत घातलेली, आणि तुम्ही आगाशीच्या बाजाराला निघालेल्या प्रत्येकाला थांबवून सांगताय, "पोरगी मठात चालली, सिस्टर व्हनार." आई स्वयंपाकघरात माझी पेटी भरतेय. सुकेळ्यांची पुडी तुम्ही स्वतःच्या हातानं पेटीत ठेवलीत. एवढी माया तुम्ही मला त्याआधी कधी दाखवली नव्हती, आणि त्या मायेच्या लोभानंच मी गेले. देवाची हाक मला आली नव्हती, बाबा. ती तुम्हाला आली होती, जायचं मात्र मला होतं. ते खोटं निभेना, म्हणून काही वर्षांनी मी परत आले.

तुम्ही वाडीत केळीचे घड उतरवत होतात. कोयता खाली न ठेवताच म्हणालात, "देवाला दिलेली वस्तू परत घरात घेत नाय." वस्तू! आईनं रडून आकांत केला म्हणून घरात घेतलंत. पण त्या संध्याकाळी मी हात जोडून पुढे उभी राहिले आणि तुम्ही मान फिरवलीत. मग रोजच. का आलीस, हे एकदाही विचारलं नाहीत. गावात तोंड दाखवायला जागा उरली नाही म्हणत राहिलात, आणि माझं तोंड कधी नीट पाहिलं नाहीत.

पुढे मी नर्स झाले. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा तुमचं हगणंमुतणं, पाठीच्या जखमा, चमच्यानं भरवायची पेज, सगळं माझ्याच वाट्याला आलं आणि मी ते केलं. फादर येऊन शेवटचं पवित्र तेल लावून गेले त्या दुपारी तुम्ही दादाच्या डोक्यावर हात ठेवलात, वहिनीच्या ठेवलात, त्यांच्या लहानग्या मुलीच्याही ठेवलात. मी वाकले तेव्हा हात चादरीखाली घेतलात. मला वाटलं, थंडी वाजत असेल. मी वेडी, तुमच्या अंगावर आणखी एक चादर घातली.

यंदा आपल्या चर्चचा गट मिशनसेवेला निघाला आणि त्यांना नर्स हवी होती. देवाशी माझं काही देणंघेणं उरलं नव्हतं, गोळ्या वाटायच्या म्हणून गेले. चांदीप गाव मागे पडलं, मग डोंगर लागले, आणि पार आत एका पाड्यावर कुडाच्या भिंतींचं चॅपेल. तिथंही प्रार्थना संपल्यावर हीच रीत. एक पोरगी दिवस भरत आलेली, पहिलं मूल गेलेलं, सकाळी तिला खाली दवाखान्यात न्यायचं होतं. भीतीनं पांढरी पडलेली ती एकेका मोठ्या माणसापुढे हात जोडत माझ्यासमोर आली. मी म्हटलं, "मी नाही गं. आमच्याबरोबरच्या सिस्टरकडे जा." तशी तिची सासू मागून खेकसली, "आशीर्वाद काय तुझे घरचा हाय? देवाचा हाय तो. दे ना पोरीला!"

मी हात ठेवला. तेलानं चपचपीत केस, गरम डोकं. मला कधी न मिळालेलं माझ्याच हातातून तिला मिळत होतं, आणि कमी पडत नव्हतं. देव आहे, हे मला मठात कळलं नाही, ते त्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर कळलं. सकाळी मी तिच्याबरोबर गेले, ती मोकळी होईपर्यंत तिचा हात धरून बसले आणि कितीतरी वर्षांनी मनापासून प्रार्थना केली. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

मला आनंद झाला, पण परतीच्या वाटेवर गाडीत रडले ती तुमच्यावरच्या रागानं. इतकं सोपं होतं? हात उचलायचा आणि ठेवायचा. जे तुमचं नव्हतंच ते तुम्ही जन्मभर कुलपात ठेवलंत आणि मला दाराशी भिकाऱ्यासारखं उभं केलंत. देवाचं देणं अडवून धरणारे तुम्ही कोण होतात?

आता मी रोझरीला बसते. हे पत्र तुमच्या कबरीवर मेणबत्तीखाली ठेवायचं ठरवलं होतं, पण आता ठेवणार नाही. काल दादाच्या मुलीनं, तीच ती लहानगी, आता उंच झालीय, मला उलट उत्तर दिलं. प्रार्थनेनंतर ती हात जोडून आली आणि माझा हात मांडीवरच राहिला. तिनं मान वर करून पाहिलं. मग मी ठेवला. पण तो थांबला होता, बाबा, आणि तो थांबवताना मला बरं वाटलं.