मुळं, बडीशेप आणि ओदिलबाई

प्रिय सोलांजताई,

धाकट्याचा नमस्कार घे. तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला थांबला का? (नसेल तर त्यांचा पाइप शिवणाच्या डब्यात लपव, तिथे ते हात घालत नाहीत.) माझी तब्येत उत्तम आहे असं मी तुला दोन वर्षं लिहीत आलोय. त्यात थोडं खोटं होतं.

परवा नगरपालिकेने आम्हा सत्तरीपुढच्या मंडळींना बाबांच्या लिकर कारखान्यात नेलं. बाबांनी एकतीस वर्षं जिथे तांब्याचे हंडे घासले, तिथे आता तिकीट काढून आत जावं लागतं. बसमध्ये मी फुशारकी मारली, की माझे डोळे बांधा, त्या लिकरमधल्या आठच्या आठ वनस्पती वासावरून ओळखतो. झालं, माहिती सांगणाऱ्या मुलीने (वय पंचवीस, शिस्त आपल्या आईची) खरंच रुमाल बांधला आणि नाकाखाली बरणी धरली. आता खरं ऐक. दोन वर्षांपूर्वीच्या त्या तापानंतर मला कसलाच वास येत नाही. गुलाबाचा नाही, करपलेल्या दुधाचाही नाही. तू रडली असतीस म्हणून सांगितलं नाही. मी ठासून म्हणालो, "पुदिना." सगळे हसले. ती जेन्शनची, लिकरला कडवटपणा देणारी मुळं होती, ज्यांचा वास बाबांच्या कोटाला, उशीला, आपल्या पावालासुद्धा यायचा. ताई, हसण्याचं काही वाटलं नाही. पण बाबा समोर उभे आहेत आणि मी त्यांना ओळखलं नाही, तसं झालं.

दुसऱ्या बरणीला मागून कुणीतरी पुटपुटलं, "बडीशेप." मी म्हणालो बडीशेप. मग दालचिनी, मग लिंबाची साल. उरलेली सातही बरोबर आली. रुमाल सोडून बघतो तर मागे पोस्टातल्या ओदिलबाई (भाऊजींची तुला आलेली पत्रं आधी वाचून मग द्यायच्या, असा तुझा आरोप होता. आता त्या एकट्याच असतात). लिकर चाखताना शेजारी येऊन बसल्या. मला नुसतं गोड लागलं आणि घशात जळजळ.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"काय कधीपासून?"

"गास्तों, मागच्या महिन्यात तुमच्या स्वयंपाकघरातून धूर येत होता आणि तुम्ही दारात पेपर वाचत बसला होता."

मग डोळे मिटून त्यांनी मला तो पेला घोटाघोटाने सांगितला. आधी कापलेलं गवत, मग औषधाचं कपाट, आणि शेवटी म्हणाल्या, "तुमच्या वडिलांचा कोट. ते पोस्टाची तिकिटं घेऊन गेले तरी त्याचा वास तासभर माझ्या खिडकीशी रेंगाळायचा." मी रडलो. मंडळींना वाटलं, चढली. एका पेल्यात, आणि तीही आपल्या बाबांच्या मुलाला.

तुझा,
गास्तों

ता.क. रविवारी ओदिलबाई माझ्याकडे जेवायला येणार आहेत. मीच बोलावलंय. मोहरी घालून ससा करतोय.

ता.क. तेव्हा शनिवारी ये आणि घराचा वास घेऊन सांग. पडदे, कोच, कुत्रा आणि मी. भीड ठेवू नकोस. दोन वर्षं झाली, आम्ही कसे आहोत हे मला माहीत नाही.

ता.क. तुझी परतीची गाडी रविवारी सकाळी दहाला आहे. तिकीट मी काढून ठेवलंय.