खुनी डॉक्टरच आहे

शुक्रवार, १५ एप्रिल १९८८, सकाळी ६.१०
काल 'कोठी नंबर बाईस'चा तेरावा भाग. शेठ दीनदयालचा खून होऊन पाच दिवस झाले. (मालिकेत. आपल्याकडे तीन महिने.) इन्स्पेक्टर शेठच्या पुतण्याच्या भाड्याच्या घरी चौकशीला जातो, गच्चीवर पुतण्याची आई डोळे पुसत बोलते, आणि फटकन पाटी: 'शेष दूसरे भाग में'. आमच्या खोलीत बावीस माणसं होती. बावीसच्या बावीस ओरडली. खालून अमृतलालशेठ विचारायला आले, काय पडलं म्हणून.

दुसरा भाग कधी, कोणालाच माहीत नाही. मला फरक पडत नाही. खुनी डॉक्टर आहे. मला चौथ्या भागातच कळलं होतं. (चौथ्या भागात मी ड्रायव्हर म्हणालो होतो, पण ती चाचपणी होती.) पुरावे: एक, हातमोजे. दोन, चहा डाव्या हाताने पितो. तीन, टाय काळा. आमच्या टीव्हीवर सगळ्यांचेच टाय काळे दिसतात, पण त्याचा जास्त.

ऐन मोक्याच्या वेळी प्रमिला (बायको) म्हणाली, मागे पापड वाळत घातलेत बघा, पाचव्या दिवशी पापड? मी तिला गप्प केलं. तिच्यामुळे इन्स्पेक्टरचं एक वाक्य बुडालं.

संकल्प: आजपासून ही वही फक्त तपासासाठी. रोज पाचला उठून एक तास तर्क. (आज सहा वाजले. सोमवारपासून.)

मंगळवार, १९ एप्रिल, आखाजी (अक्षय्य तृतीया), मुक्काम पारोळा
सासुरवाडीला. धुळ्याहून साडू रुपचंद आलेले. बँकेत आहेत, म्हणून बोलताना माणूस फॉर्म भरून घेतोय असं वाटतं. जेवणात पुरणपोळी, आमरस. मग धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर, सावलीला पत्ते, आणि विषय अर्थातच कोठी नंबर बाईस.

रुपचंद म्हणतात, खुनी मुनीम. कारण काय, तर मुनीम सारखा घाम पुसतो. मी म्हटलं, एप्रिल महिना आहे, तुम्हीही पुसताय. शब्दाने शब्द वाढला. हातातले पत्ते तसेच राहिले.

शेवटी पैज. आखाजीला पैज लागतेच, पण पैशांची नको म्हणालो, जावयांना शोभत नाही. ठरलं असं: ज्याचा खुनी चुकेल, त्याने पुढच्या उन्हाळ्यात इथं येऊन, याच धाब्यावर, हातात काठी घेऊन सासूबाईंचे पापड-बिबडे (बिबडे म्हणजे ज्वारीचे, तीळ घातलेले पापड) कावळ्यांपासून राखायचे. भर गावात. जावयाने. नुसत्या विचारानेच रुपचंदांचा चेहरा उतरला. मला त्यांची कीव आली.

सासूबाई (सुंदरबाई, शिक्षण दुसरी) सुपारी कातरत ऐकत होत्या. म्हणाल्या, "सुतकमा पापड कोन करस? तो पुतन्या खोटा शे." सख्खा पुतण्या असता तर दहा दिवस घरात तळण नाही, पापड नाही, असं त्यांचं म्हणणं. मी आणि रुपचंद हसलो. आखाजीला आमचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं. मी समजावून सांगितलं की मालिका काढणारे मोठ्या शहरातले, त्यांना सुतक काय कळणार, ती त्यांची चूक आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "आनि दोन्ही जवाई हारनात तं?"

आम्ही पुन्हा हसलो. म्हटलं, दोघंही बसू.

सोमवार, २५ एप्रिल
टीव्हीवर प्रेक्षकांच्या पत्रांचा कार्यक्रम असतो, त्यांना रजिस्टर्ड पत्र पाठवलं. हिंदीत. चौदा पानं. तेरा पानं डॉक्टरवर, शेवटच्या पानावर पापडांची घोडचूक. सासूबाईंचा मुद्दा कच्चा होता. मी तो शास्त्रशुद्ध केला. सुतकाचे नियमही थोडक्यात दिले (प्रमिलाला विचारून). त्यांचं नाव घालायचं मनात होतं, पण जागा संपली.

गुरुवार, १२ मे
कचेरीतला कागदांना भोकं पाडायचा पंच गायब. शोधाची संधी. दोन तास निरीक्षण. शेजारच्या टेबलावरचा अभिमन अस्वस्थ दिसला, नजरेला नजर देईना, आणि त्याच्या फाइलींना भोकं पडलेली. सगळ्यांसमोर शांतपणे सांगितलं, तूच तो.

पंच माझ्या डब्याच्या पिशवीत निघाला. तिथं कोणी ठेवला, हे गूढच आहे. अभिमन माझ्याशी बोलत नाही. बोलत नाही, यावरूनही काहीतरी सिद्ध होतं.

संकल्प: पुरेसे पुरावे असल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

रविवार, २४ जुलै, दुपारी १२
सोन्याचा दिवस!

पत्रांच्या कार्यक्रमात माझं पत्र वाचलं. टीव्हीवरच्या बाई म्हणाल्या, "जलगाँव से श्री पितांबर चौधरी लिखते हैं कि सूतक में पापड़ दिखाना निर्देशक की भूल है." बाकीची तेरा पानं वेळेअभावी गेली असावीत. मग बाई हसल्या आणि म्हणाल्या, "पितांबर जी, आपकी नज़र बहुत तेज़ है. देखते रहिए."

गल्ली लोटली. अमृतलालशेठांनी पेढे वाटले. कचेरीतले तिघे घरी येऊन गेले. अभिमनही आला, दाराबाहेर उभा राहिला, पण आला. प्रमिला म्हणाली, ती बाई का हसली असेल? मी म्हटलं, कौतुकाने. प्रमिला म्हणाली, तसं हसू नव्हतं ते. बायकोला नवऱ्याचं मोठेपण पचत नाही, हे मी पुस्तकांत वाचलं होतं.

शनिवार, ३० जुलै
धुळ्याचं कार्ड: 'अभिनंदन. तरी खुनी मुनीमच.' जळतोय.
पारोळ्याहून निरोप, भाजीच्या टेम्पोवाल्याबरोबर: जवाईबापूंना सांगा, पापड मी दाखवले होते.
एका दिवसात दोघांचा मत्सर. मोठ्या माणसाने हे सोसायचं असतं.

बुधवार, १४ डिसेंबर
जाहिरात आली! दुसरा भाग ५ जानेवारीपासून. गल्लीत मला आता 'इन्स्पेक्टर' म्हणतात. यशोदाबाईंची कोंबडी हरवली तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे आल्या. (कोंबडी अजून मिळालेली नाही. तपास चालू आहे.)
नवीन टीव्ही नको, पण अँटेना नवीन घेतला. पहिल्या दिवशी गल्लीभर आमंत्रण. खुनी पकडला जाताना मी चार शब्द बोलावे, असा सगळ्यांचा आग्रह आहे. म्हणजे मी सुचवलं, आणि कोणी नको म्हणालं नाही.

शुक्रवार, ६ जानेवारी १९८९
काल.
माणसं एकतीस. दारात, खिडकीत, कॉटवर. मी खुर्चीवर. भाषणाचा कागद खिशात.
पहिल्या तीन मिनिटांत इन्स्पेक्टर पुतण्याच्या गच्चीवर परत गेला. वाकला. एक पापड उचलला. उन्हात धरून पाहिला. म्हणाला, "जिस घर में सूतक हो, वहाँ पापड़ नहीं बेले जाते."

एकतीस माणसांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. टीव्हीकडे कोणीच बघेना. एरवी हमखास वीज जाते. काल गेली नाही.

मी म्हणालो, अजून खुनी सिद्ध झालेला नाही. पुतण्या तोतया असेल, खुनी असेलच असं नाही. गल्लीतल्या बेबाबाई जाताना दारात थांबून म्हणाल्या, "इन्स्पेक्टर, बठ्ठी गल्लीनी तुमनं पत्र ऐकनं व्हतं." म्हणजे, अख्ख्या गल्लीने.

प्रमिला एकदाही म्हणाली नाही की मी सांगितलं होतं. चहा दिला, अंथरूण घातलं. त्याचं फार वाईट वाटलं. म्हणाली असती तर भांडता तरी आलं असतं.

शुक्रवार, २७ जानेवारी
तोतयाच खुनी. डॉक्टर निर्दोष. एवढंच नाही, काल त्याने इन्स्पेक्टरचा जीव वाचवला. डाव्या हाताने.
भाषणाचा कागद बंबात घातला. मुनीमही निर्दोष, हा त्यातल्या त्यात दिलासा. धुळ्याहून कार्ड नाही.

सोमवार, २० मार्च
पारोळ्याहून निरोप: उडीद दळून झाले, ज्वारी निवडून ठेवली, जावयांनी तारीख कळवावी. भर गावात, हातात काठी, ही कल्पना आता मला करवत नाही. पैज मीच सुचवली होती का, हे आठवण्याचा प्रयत्न केला. मागचं पान उघडलं. हो.
उत्तर लिहिलं: कंबर धरली आहे, डॉक्टरांनी ऊन वर्ज्य सांगितलंय.

शनिवार, २५ मार्च
धुळ्याचं कार्ड. 'कंबर लिहू नका. ती मी पंधरा तारखेलाच कळवली आहे. सासूबाई हसल्या म्हणे. रविवार १६ ठरवला. काठी मी आणतो.'
आयुष्यात पहिल्यांदा रुपचंदांबद्दल आपुलकी वाटली.

रविवार, १६ एप्रिल, पारोळा, धाब्यावर, दुपारी १.३०
दोन जावई, दोन काठ्या, एक छत्री. ऊन असं की वहीचं पान चटका देतंय. खालून जाणारा प्रत्येक जण मान वर करून "राम राम पाव्हना" म्हणतो आणि कोपऱ्यावर जाऊन हसतो. हायवेवरची एसटी थांबली, कंडक्टरनेही हात केला. सासूबाई दर पंधरा मिनिटांनी अंगणातून ओरडतात, "कावया उना, दखा!" आणि खरोखर येतो. त्यांना खाली बसून कसं दिसतं, कळत नाही.

दुपारी २.४५
प्रकरण गंभीर. सकाळी ओले बिबडे मोजून घातले होते, दोनशे बारा. आता दोनशे पाच. रुपचंद म्हणतात, कावळा. मी म्हणालो, कावळा सात नेणार नाही, शेजारची बकरी. रुपचंद म्हणाले, बकरी जिना कशी चढेल? मी म्हटलं, मुनीम घाम पुसतो म्हणून खुनी, हे म्हणणाऱ्याने बकरीवर बोलू नये. वहीत संशयितांची यादी केली. खुणांचा नकाशा काढला. बकरीविरुद्ध चार पुरावे जमले.

एवढ्यात प्रमिला ताक घेऊन वर आली. तिने बिबड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. आमच्याकडे पाहिलं. म्हणाली, चार दाजींनी खाल्ले आणि तीन तुम्ही.

मी विचारलं, कशावरून? म्हणाली, दोघांच्या मिशीला तीळ लागलेत.

रुपचंदांनी मिशी पुसली. मी पुसली नाही, लिहीत होतो. मग तिला विचारलं, तिसरा भाग आला तर पहिल्यापासून माझ्याशेजारी खुर्चीवर बसशील का. ती म्हणाली, आधी वही ठेवा आणि बिबडे उलटे करा, कडा करपताहेत.

वही ठेवतो.