चारांतले तीन

७ फेब्रुवारी १९६७, वोलोग्दा

अर्धा तास! ग्लेबची सिंफनी रेडिओवर लागणार, पण तिला जागा अर्ध्या तासाची. चारही भाग त्यात मावत नाहीत. इनोकेन्ती म्हणतो, चौथा गाळावा लागेल. ग्लेबच्या हाताखाली शिकलेला मुलगा. ग्लेब गेल्यावर आता त्याच्याच जागी उभा राहून वाद्यवृंद चालवतो. टोपी हातात, मान खाली. "अग्राफेना येगोरोव्हना, तिसऱ्यावर संपवू. लोक खूश होतील."

मी म्हणाले, "खूश व्हायला त्यांना सर्कस आहे."

चहा न घेताच गेला.

८ फेब्रुवारी

माझं आणि शेजारच्या खोलीतल्या फाइनाचं स्वयंपाकघर एकच. आज तिथे तिने झाडलं मला — "तुझ्या नवऱ्याने जन्मभर दुसऱ्यांच्या सिंफन्या वाजवल्या. त्याची स्वतःची कुणी हातात धरली नाही. आता तीन भाग पदरात पडतायत, तर रुसून बसलीस. आणि तिसरा तर तुझाच ना गं?"

माझाच. आई गाईची धार काढताना गायची, ते गाणं ग्लेबने माझ्याकडून ऐकलं, लग्न झालं त्या उन्हाळ्यात. त्यावरच तो भाग उभा केला. पण चौथा त्याने दवाखान्यात लिहिला, शेवटच्या दिवसांत. तो कसा जाऊ देऊ?

बोलण्याच्या नादात फाइनाचं कोबीचं सूप करपलं. तेही माझ्यामुळेच म्हणे.

११ फेब्रुवारी

ग्लेबच्या मैफलींची पोस्टरं वाचत वाचत मी अक्षरं शिकले. पुढे जाडजाड पुस्तकंही वाचली. स्वरलिपी मात्र येत नाही. आज त्याचे कागद उघडून बसले — नुसत्या मुंग्या. चौथा भाग कसा वाजतो, हे मलाच माहीत नाही. मग भांडतेय कशासाठी?

१३ फेब्रुवारी

इनोकेन्तीला फोन. "गाळायचाय तर गाळ. पण आधी एकदा वाजवून दाखव."

पलीकडे वही चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "गुरुवारी तालमीला या."

१६ फेब्रुवारी

ट्रम्पेटवाल्यांची बस बर्फात अडकली. त्यांच्याशिवाय तिसरा भाग होत नाही, म्हणून इनोकेन्तीने पहिला, दुसरा आणि थेट चौथाच घेतला.

दुसरा भाग एकट्या हॉर्नच्या सुरावर विरला. चौथा त्याच सुरातून उठला. मधे काही हवंय, असं वाटलंच नाही. मी रडगाण्याची तयारी ठेवून बसले होते. रडगाणं नव्हतं. पहाटे घराबाहेर पडून चालू लागलेला माणूस होता. संपल्यावर म्हातारा चेलोवाला हळूच म्हणाला, "हे त्या खवटाने दवाखान्यात लिहिलं?"

तेवढ्यात ट्रम्पेटवाले आले, बूट आपटत. तिसरा झाला. सगळ्यांनी दाद म्हणून गजांनी स्टँडवर टकटक केली. माझे डोळे भरून आले. सुंदरच आहे. पण दोघं बोलत बसलेले असताना मधे पाहुणा यावा, तसा वाटला.

इनोकेन्ती जवळ आला. "आता हा चौथा मी कसा गाळू, तुम्हीच सांगा. आणि जागा तर अर्ध्या तासाचीच."

"उद्या सांगते," म्हणाले आणि घरी आले.

१७ फेब्रुवारी

फोन केला. तिसरा काढ, म्हणाले.

"अहो, पण तो तर तुमचा!"

"म्हणून तर मला काढता येतो."