तेलाच्या चिंध्या

प्रिय दादा,

तू फोन उचलत नाहीस म्हणून शेवटी कागद घेतला. वहिनीला विचारलं तर म्हणाली, उचलतील कधीतरी, जरा धीर धर. कसला धीर धरू? रविवारी तो माणूस येणार आणि तुझे रंधे, पटाश्या, ते कामाचं जाडजूड बाक, आगीतून जे काही वाचलं ते सगळं गाडीत घालून नेणार, हेही मला तिच्याकडूनच कळलं. दादा, विकू नकोस. निदान हे पत्र संपेपर्यंत तरी त्याला हो म्हणू नकोस. आणि तुझ्या सवयीप्रमाणे अर्धं वाचून चष्म्याखाली ठेवून देऊ नकोस, तुझ्या पाया पडते.

पत्रात आधी खुशाली लिहितात, तर ती अशी. तू केलेल्या टेबलाशी बसून लिहितेय. टेबल अजून हलत नाही, कुरकुरत नाही. पण बसलेय मात्र प्लास्टिकच्या खुर्चीवर. चार आणल्या ह्यांनी, पांढऱ्या, एकात एक बसणाऱ्या, आणि मी चकार शब्द काढला नाही. मी, जी भाजीवाल्याशी पिशवीवरून भांडते आणि शेजारणीच्या कचऱ्यातून काचेच्या बरण्या उचलून आणते! तुला कळलं असतं तर तिथेच संशय आला असता. पण तू आता कुणाकडे येतच नाहीस.

आठवतं, हे टेबल न्यायला आले तेव्हा मी आपली वरून हात फिरवत होते. तू म्हणालास, वरून सगळेच छान असतात, खाली वाक आणि बघ. मला चांगल्या साडीत फरशीवर आडवं केलंस आणि सांधे दाखवलेस. एक खिळा नाही. पाय सैल झाला तर पाचर ठोकायची, चरा पडला तर घासून पुन्हा तेल द्यायचं. नक्षी नाही, चकाकी नाही, नुसत्या सरळ रेषा. तुझ्या गिऱ्हाइकांनाही तू असंच लोळवायचास. एक बाई रागावून निघून गेल्या आणि आठवड्याने परत येऊन कपाट सांगून गेल्या. घरात चार वस्तू कमी असू देत, पण असतील त्या नातवंडांना पुरल्या पाहिजेत, हे तू त्यांना इतक्या वेळा ऐकवायचास की ते मीही इथे लोकांना ऐकवत सुटले. सोसायटीतल्या बायका मला बघून जिना बदलतात म्हणे.

तसं माझं वेड तुझ्याही आधीचं. लहानपणी आईच्या शिलाई मशीनखालचे तुकडे गोळा करायचे म्हणून तूच मला चिंधी नाव ठेवलंस. लग्नात सगळ्यांदेखत त्याच नावाने हाक मारलीस. मला कधी राग आला नाही. तू फळीचा वीतभर तुकडा टाकत नव्हतास आणि मी कापडाचा. आपण दोघं एकाच मापाचे, असं मला फार अभिमानाने वाटायचं.

आणि आता तू भुसा दाबून केलेल्या फळ्या कापायला जातोस. वहिनी सांगत होती, तिथे दिवसाला चाळीस कपाटं निघतात, दुसऱ्यांदा घर बदललं की मोडतात. घरी आलास की भिंतीकडे तोंड करून बसतोस, आणि एकच वाक्य म्हणतोस, माझ्या हाताने माझंच जाळलं. अकरा वर्षं सावलीत वाळवलेलं लाकूड, उजव्या हाताची ती कातडी, सगळं तू स्वतःच्या माथी मारून घेतलंस. सरस वितळवायची विजेची शेगडी चालू राहिली आणि कारखाना पेटला, असं तूच सगळ्यांना सांगितलंस. कुणी विचारायच्या आधीच सांगितलंस.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी मी तुझ्या उशाशी बसले होते. हात बांधलेला होता, डोळे सुजले होते. तू मला विचारलंस, "चिंधे, तू होतीस ना तिथे. मी शेगडी बंद केली होती का गं?"

मी म्हणाले, "आठवत नाही, दादा."

पाच महिने झाले. ते तीन शब्द मी रोज ऐकते.

त्या दुपारी आपण माझ्या टेबलाच्या चार खुर्च्यांना जवसाचं तेल देत होतो. काम संपल्यावर तू नेहमीसारख्या तेलाच्या चिंध्या एकेक उलगडून दोरीवर पसरल्यास, कपडे वाळत घालावेत तशा. मग माप घ्यायला बाहेर गेलास. मला वाटलं, किती चांगल्या कापसाच्या चिंध्या, उद्या वाऱ्याने उडतील, तू फेकूनही देशील. मी त्या दोरीवरून काढल्या. घड्या घातल्या. खिडकीखालच्या लाकडी खोक्यात नीट रचल्या आणि वर झाकण लावलं. मनात म्हटलं, दादा खूश होईल. कुलूप लावलं, किल्ली शेजारी दिली आणि निघाले. दोन तासांनी फोन आला. धावत आले तेव्हा, परत येऊन सामान वाचवायला आगीत शिरलेल्या तुला शेजाऱ्यांनी ओढून बाहेर काढलं होतं, आणि आग खिडकीच्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त होती. शेगडी दुसऱ्या टोकाला होती, दादा. तेव्हाच मला आठवलं, तू मला कितीदा बजावलं होतंस की जवसाच्या तेलाच्या चिंध्या ढिगाने ठेवायच्या नाहीत, त्या आपोआप तापतात आणि काडी न लावता पेटतात. मी तो तुझा चोखंदळपणा समजत होते. म्हणून त्या कोपऱ्याकडे बघत मी तोंड शिवून उभी राहिले, आणि दुसऱ्या दिवशी तुझ्याशी खोटं बोलले. मला भीती वाटली की तू मला पुन्हा चिंधी म्हणणार नाहीस. दुसरं कारण नाही. ह्यांनाही आज सकाळी पहिल्यांदा सांगितलं.

तू शेगडी बंद केली होतीस. बटण दाबलंस, पिन काढलीस, वायर गुंडाळून खिळ्याला अडकवलीस. मी समोर उभी होते, मला सगळं आठवतं. तुझ्या हातून काहीही चुकलेलं नाही. रविवारी त्या माणसाच्या आधी मी येते. हवं तर दार उघडू नकोस, मी पायरीवर बसेन. मला जे बोलायचं ते बोल, नाहीतर जन्मभर बोलू नकोस. पण ते बाक गाडीत चढू देऊ नकोस.

तुझीच
चिंधी