पाचटाच्या गटाचा शांत अध्यक्ष

१२ जानेवारी २००५
गावात शेतकरी आणि संशोधकांचा गट सुरू झाला. कृषी कॉलेजच्या सुष्मिता मॅडम म्हणाल्या, मी शिकवणार नाही, सगळे मिळून शिकू. ऊस तुटल्यावर पाचट, म्हणजे मागं उरलेला वाळका पाला, अर्ध्या रानात जाळायचं, अर्ध्यात सरीतच कुजवायचं. जमीन कशानं सुधारते ते मातीच सांगेल. अध्यक्ष मी. शांत माणूस पाहिजेच होता. धाकटा भाऊ आकाराम हसला, "बाळासोदादा आन् शांत?" त्याच्या कानफटात दिली. एकच. बाकी मीटिंग छान.
संकल्प : आजपासून राग बंद.

२० जानेवारी
राग अजिबात आला नव्हता. तरी लाथ बसली. गटातला गणपतराव सँपल म्हणून नुसती वरची माती खरवडत होता. वीतभर खोल खणायचं ठरलंय. गुडघा गेला म्हणून ओरडत होता. सँपल मात्र प्रॉपर आलं.

९ फेब्रुवारी, सकाळी
आकारामनं त्याचं अर्धं रान पेटवलं. ठरलं होतं तसंच. पण वारं फिरलं आणि शेजारच्या माझ्या रानातल्या पाचट राखलेल्या दोन सऱ्या जळाल्या. खोरं घेऊन चर्चेला गेलो. म्हणाला, "दादा, वाऱ्याला मार की!" खोऱ्याचा दांडा मोडला. त्याचा उजवा हातही. त्यानं डाव्या हातानं दगड घातला. मला कपाळाला सहा टाके. रक्त बरंच गेलं. पण रक्तात नत्र असतं. माझ्याच रानात सांडलं, फायदाच.

९ फेब्रुवारी, दुपारी
ठाण्यात साहेबांना पाचटाचं महत्त्व सांगितलं. त्यांनी पट्टा काढला. सरकारी लोकांना शेतीत इंटरेस्ट नाही.

३ मार्च
मोठेपणा दाखवायचं ठरवलं. आकारामकडं माफी मागायला गेलो. बयाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, दारच उघडलं नाही. आतून म्हणाली, "भाऊजी, जावा हितनं. पोरं भ्यात्यात." मग जोरात माफी मागितली. दार तुटलं. दारात वाळवी असावी.

१८ जून
आज आकारामच्या रानात खड्डा काढून माती बघायची होती. अध्यक्षालाच निरोप नाही. चुकून राहिला असेल, म्हणून आपणच गेलो.
पाचट कुजवलेल्या बाजूला माती काळी, भुसभुशीत. गांडुळंच गांडुळं. जळालेली बाजू ढेकळासारखी. गणपतराव लंगडत फिरून सगळ्यांना दाखवत होता. माझी बायको धोंडुबाई पाचटातल्या उंदरांवर बोलत होती, मॅडम वहीत लिहून घेत होत्या. बायको इतकं बोलते हे माहीत नव्हतं.
मॅडम म्हणाल्या, माती मुठीत दाबून बघा, चांगली असली की लाडू होतो आणि बोट लावलं की फुटतो. सगळ्यांनी बघितलं. आकारामची मूठ वळेना. माती बोटांतनं गळत राहिली. बयाबाईनं दोन्ही हातांनी त्याची बोटं मिटवून धरली.
मला एक प्रश्न होता. विचारायला हात वर केला.
सगळे मागं सरकले. आकारामनं डोकं झाकलं. धोंडुबाईनंसुद्धा.
प्रश्न काय होता, आता आठवत नाही.